दक्षिण कॅरोलिनाचे आठ खासदार आणि आपल्या राखीव जागा

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली, हे आपल्या चळवळीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ती अर्पणपत्रिका आपण भाषणात सांगतो, स्टेटसला ठेवतो. पण ज्यांची गुलामगिरी संपली होती ती माणसे त्या वर्षी नेमके काय करत होती, हे आपण सहसा विचारत नाही.

त्या १८७३ साली दक्षिण कॅरोलिना राज्यातून अमेरिकन संसदेच्या कनिष्ठ सभागृहात पाच खासदार निवडून गेलेले होते. पाचांपैकी चार कृष्णवर्णीय होते. जोसेफ रेनी, अलोन्झो रॅन्सियर, रॉबर्ट ब्राउन इलियट आणि रिचर्ड केन. (तिथल्या संसदेलाच काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी गल्लत होऊ नये म्हणून मी संसद हाच शब्द वापरते.) तेरा वर्षांपूर्वी, १८६० च्या जनगणनेत, याच राज्यात ७,०३,७०८ माणसे मोजली गेली होती आणि त्यांतली ४,०२,४०६ माणसे कुणाची तरी मालमत्ता होती. म्हणजे गायीगुरांसारखी विकता येणारी, गहाण ठेवता येणारी.

हा इतिहास आज मांडण्याचे कारण आहे. अभ्यासवर्गात तरुण पोरे हल्ली एक प्रश्न वारंवार विचारतात. राखीव जागेवर निवडून गेलेले आपले खासदार-आमदार तोंड का उघडत नाहीत? माणसेच नालायक असतात का? आणि तसे असेल तर हे राजकीय आरक्षण ठेवायचे तरी कशाला? हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. माझे उत्तर दक्षिण कॅरोलिनाच्या मार्गाने जाते, म्हणून थोडा लांबचा फेरा मारावा लागेल.

अमेरिकेतून फुटून निघण्याचा ठराव सर्वात आधी या राज्याने केला, डिसेंबर १८६० मध्ये. यादवी युद्धाची पहिली तोफ त्याच्याच चार्ल्सटन बंदरात, फोर्ट समटर किल्ल्यावर डागली गेली. त्याच्याही आधी, १८५६ मध्ये, याच राज्याचा खासदार प्रेस्टन ब्रुक्स याने गुलामगिरीविरुद्ध बोलणाऱ्या सिनेटर चार्ल्स समनर यांना भर सिनेटमध्ये काठीने रक्तबंबाळ होईपर्यंत मारले होते. त्याच्या मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिले. दक्षिण कॅरोलिनाचा खासदार म्हणजे अशी ओळख होती.

युद्धात दक्षिणेचा पराभव झाला तरी सत्ता लगेच कृष्णवर्णीयांच्या हाती आली नाही. सुरुवातीला जुन्या मालकांनीच राज्य चालवले आणि गुलामगिरीला दुसरे नाव देणारे कायदे केले. १८६७ मध्ये संसदेने दक्षिणेत लष्करी अंमल बसवून कृष्णवर्णीय पुरुषांना मताचा अधिकार दिला, तेव्हा चित्र पालटले. (स्त्रियांना, गोऱ्या काय आणि काळ्या काय, कुणालाच नाही.) १८६८ च्या घटना समितीत कृष्णवर्णीय सदस्य बहुसंख्य होते. त्यांनी केलेल्या राज्यघटनेने या राज्याला पहिल्यांदा सर्वांसाठी सार्वजनिक शाळा दिल्या. गरीब गोऱ्यांची मुलेही त्या घटनेमुळे शाळेची पायरी चढू शकली, हे पुढे सोयीस्करपणे विसरले गेले. १८७० च्या जनगणनेत राज्यात ४,१५,८१४ कृष्णवर्णीय होते, म्हणजे शंभरात ५९. तिथे कुठलीही जागा त्यांच्यासाठी राखीव नव्हती. आपली मते होती, आणि ती टाकता येत होती.

आता माणसे पाहू.

जोसेफ रेनी जॉर्जटाऊनमध्ये गुलाम म्हणून जन्मले. वडील न्हावी होते. धंद्यातून चार पैसे साठवून त्यांनी कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. रेनीही न्हावीच झाले आणि चार्ल्सटनच्या मोठ्या हॉटेलात गोऱ्या साहेबांच्या दाढ्या करू लागले. आपल्याला हे वाचताना अडखळायला होते. आपल्या गावात न्हाव्याने आपल्या माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही असा नियम होता. तिथे गोरा माणूस काळ्या न्हाव्यापुढे खुशाल मान पुढे करून वस्तरा फिरवून घ्यायचा, मात्र त्या हाताला मतपत्रिका द्यायची नाही. विषमतेची व्यवस्था एकाच साच्यातून निघत नाही, हे यातून कळते. युद्धात दक्षिणेच्या सैन्याने रेनींना तटबंदीच्या कामाला जुंपले, तेव्हा १८६२ मध्ये पत्नीसह ते बर्म्युडा बेटावर पळून गेले आणि युद्ध संपल्यावर परतले. १२ डिसेंबर १८७० रोजी त्यांनी शपथ घेतली. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य. १८७४ मध्ये सभापतींच्या खुर्चीत बसून त्यांनी सभागृहाचे कामकाजही चालवले. त्यांची मोठी कामगिरी १८७१ ची. कू क्लक्स क्लान ही गोऱ्यांची दहशतवादी संघटना रात्री घरात घुसून माणसे मारत होती. तिच्याविरुद्धच्या कायद्यासाठी रेनी सभागृहात लढले, त्यापायी जिवे मारण्याच्या धमक्या झेलल्या. कायदा झाला आणि त्यांच्या राज्यात क्लानवाल्यांवर खटले चालले. एवढ्या मोठ्या माणसाला व्हर्जिनियातल्या एका हॉटेलच्या भोजनगृहातून मात्र ओढून बाहेर काढले गेले. बडोद्यातल्या पारशी धर्मशाळेची आठवण इथे कुणाला येणार नाही?

इलियट हे या साऱ्यांतले विद्वान. कायद्याचे जाणकार, वक्तृत्व असे की विरोधकही ऐकत. समनर यांनी मांडलेले नागरी हक्क विधेयक चर्चेला आले. हॉटेल, आगगाडी, नाटकगृह, शाळा अशा सार्वजनिक जागी रंगावरून कुणाला अडवायचे नाही, असे ते विधेयक. त्याला विरोध करायला अलेक्झांडर स्टीफन्स उभे राहिले. हे गृहस्थ बंडखोर दक्षिणेचे उपाध्यक्ष होते आणि काळ्यांची गुलामी हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला आहे असे त्यांनी १८६१ मध्ये उघड सांगितले होते. ६ जानेवारी १८७४ रोजी इलियट यांनी त्यांना उत्तर दिले. ज्या राज्याच्या खासदाराने समनर यांच्यावर काठी चालवली होती, त्याच राज्याचा काळा खासदार समनर यांच्या विधेयकासाठी घटनेची कलमे आणि न्यायालयाचे निवाडे घेऊन उभा होता. विधेयक १८७५ मध्ये कायदा झाले, शाळांची तरतूद गाळून. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. आपल्याकडे बोले ठरावाने १९२३ मध्ये पाणवठे कागदावर खुले झाले आणि चवदार तळ्यावर प्रत्यक्ष जावे लागले १९२७ मध्ये. कागद आणि पाणी यांच्यातले अंतर दोन्हीकडे सारखेच.

रिचर्ड केन हे धर्मोपदेशक. चार्ल्सटनचे इमॅन्युएल चर्च त्यांनी उभे केले, वृत्तपत्र चालवले. त्यांचा भर जमिनीवर होता. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन घेता यावी म्हणून केंद्राकडून दहा लाख डॉलर कर्ज मागावे, असा ठराव त्यांनी घटना समितीत मांडला. पैसे मिळाले नाहीत. पुढे राज्याने स्वतःच भूमी आयोग नेमून मोठ्या जमिनी विकत घेतल्या आणि तुकडे पाडून हप्त्याने दिल्या. ग्रीनवुडजवळ त्यातून वसलेली ‘प्रॉमिस्ड लँड’ नावाची वस्ती आजही आहे. दादासाहेब गायकवाडांचा भूमिहीनांचा सत्याग्रह आठवणाऱ्यांना केन यांचा हट्ट समजावून सांगायला नको.

आणि रॉबर्ट स्मॉल्स. यांच्यावर तर सिनेमा निघायला हवा. ब्युफर्ट गावी मालकाच्या घरामागच्या खोपटात जन्म. चार्ल्सटनच्या बंदरात ‘प्लँटर’ नावाच्या लष्करी बोटीचे सुकाणू त्यांच्या हाती होते, पण त्यांना ‘पायलट’ म्हणत नसत, कारण ती पदवी गोऱ्यांची. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेलेले पाहून तेवीस वर्षांच्या स्मॉल्सनी बोट सुरू केली, वाटेत आपली आणि सोबत्यांची बायका-मुले घेतली, कप्तानाची हॅट डोक्यावर चढवली आणि किल्ल्यांना नेमक्या शिट्ट्यांचे इशारे देत तोफांच्या तोंडासमोरून बोट बाहेर काढली. पांढरी चादर फडकवून ती उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केली. बक्षिसाच्या पैशातून पुढे ज्या घरामागे जन्मले ते मालकाचे घरच लिलावात विकत घेतले. १८७५ पासून मध्ये खंड पडत १८८७ पर्यंत ते खासदार होते. पण मला त्यांचे शौर्यापेक्षा एक वेगळे काम मोठे वाटते. बालपणी ज्याला अक्षर शिकू दिले नाही त्या माणसाने १८६८ च्या घटना समितीत मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा आग्रह धरला.

हे सगळे संत होते असे चित्र मला रंगवायचे नाही. भूमी आयोगात पैसा खाल्ला गेला, आणि त्याचे प्रमुख काही काळ रॉबर्ट डी लार्ज होते, जे स्वतः या आठांपैकी एक. यांच्यातले बरेच जण चार्ल्सटनच्या जन्मतः स्वतंत्र, फिकट वर्णाच्या, शिकलेल्या वर्गातले होते आणि शेतात राबणाऱ्या माणसाचे दुःख त्यांना नेहमीच कळत होते असे नाही. १८७२ मध्ये इलियट सिनेटच्या जागेसाठी उभे राहिले. सिनेटर तेव्हा राज्याचे विधिमंडळ निवडत असे, आणि त्याच्या कनिष्ठ सभागृहात कृष्णवर्णीयांचे बहुमत होते. तरी निवडून आला जॉन पॅटरसन नावाचा गोरा रेल्वेवाला, आणि त्याने मते विकत घेतल्याचा गवगवा तेव्हाच झाला. विकणारे आपलेच होते. रिपब्लिकन ऐक्याच्या बैठकांना जाऊन आलेल्या कुणाही कार्यकर्त्याला या वाक्याचा अर्थ कळेल.

पण म्हणून त्यांची सत्ता भ्रष्टाचारामुळे गेली का? नाही. इथेच सावध राहिले पाहिजे. ज्यांनी ती सत्ता उलथली त्यांनी काय केले हे तारखांनिशी नोंदलेले आहे.

८ जुलै १८७६ रोजी हॅम्बर्ग या छोट्या गावात कृष्णवर्णीयांच्या सरकारमान्य पथकावर शेकडो सशस्त्र गोरे चालून गेले. सहा कृष्णवर्णीय मारले गेले, त्यांतले बहुतेक पकडल्यानंतर, थंड डोक्याने. स्मॉल्सनी हे प्रकरण सभागृहात मांडले, केंद्राचे सैन्य राज्यातून हलवू नका अशी मागणी केली. आरोपी होते, साक्षीदार होते, शिक्षा एकालाही झाली नाही. हा शेवट आपल्याला अपरिचित नाही. सप्टेंबरमध्ये एलेंटन भागात आणखी मोठी कत्तल झाली. लाल सदरे घातलेल्या टोळ्या घोड्यांवरून सभांमध्ये घुसत. या मोहिमेची लेखी योजना मार्टिन गॅरी या जुन्या सेनानीने केली होती. आपल्या प्रत्येक माणसाने किमान एका काळ्या मतदाराचे मत धमकावून, विकत घेऊन किंवा त्याला घरात बसवून ताब्यात ठेवावे, असे तिच्यात होते. एजफील्ड परगण्यात तर मतदारांपेक्षा मते जास्त निघाली.

तरीही निकाल वादात सापडला. राज्यात दोन सरकारे आणि दिल्लीत, म्हणजे त्यांच्या वॉशिंग्टनमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाचा वाद. रिपब्लिकन पक्षाला आपला माणूस राष्ट्राध्यक्ष हवा होता. सौदा झाला. १० एप्रिल १८७७ रोजी दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनातून केंद्राचे सैनिक निघाले, आणि ज्या पक्षाला कृष्णवर्णीयांनी जीव धोक्यात घालून मते दिली त्याने पाठ फिरवली. तो पक्ष त्यांचा होता, पण त्यांच्या मालकीचा नव्हता.

पुढची पद्धत अधिक सभ्य. खून करण्याऐवजी कायदा. १८८२ मध्ये ‘आठ पेट्यांचा’ कायदा आला. प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी, नाव वाचून योग्य पेटीत चिठ्ठी टाकायची, चुकली की मत बाद. ज्यांना पिढ्यान्पिढ्या अक्षरबंदी होती त्यांच्यासाठी केलेला कायदा, आणि त्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही. त्याच साली मतदारसंघांची अशी फाडाफाडी केली की जमतील तितके कृष्णवर्णीय मतदार एका लांबलचक, वेड्यावाकड्या सातव्या मतदारसंघात कोंबले गेले. चार खासदारांची एक जागा झाली. ती एक जागाही गोऱ्यांना सोसवेना. १८८६ मध्ये स्मॉल्स, १८८८ मध्ये थॉमस मिलर आणि १८९४ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन मरे, तिघांनाही मतपेट्यांत लबाडी करून हरवणारा माणूस एकच, विल्यम इलियट. (आडनावाचा योगायोग.) स्मॉल्सना सभागृहाने न्याय दिला नाही. मिलर आणि मरे यांना दाद मागत बसावे लागले आणि मुदत संपत आल्यावर जागा मिळाली.

मरे हे त्या पर्वातले शेवटचे. गुलाम म्हणून जन्म, पुढे शिक्षक, शेतकरी आणि शेतीच्या अवजारांचे संशोधक. काळ्या माणसाने जगाला काय दिले, असा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता, जसा आपल्याला ‘मेरिट’ विचारले जाते. ऑगस्ट १८९४ मध्ये मरे सभागृहात उभे राहिले आणि कृष्णवर्णीयांनी मिळवलेल्या ९२ पेटंटांची यादी त्यांनी वाचून संसदेच्या दप्तरी दाखल केली. त्यात त्यांची स्वतःचीही होती.

१८९५ मध्ये बेंजामिन टिलमन याने नवी घटना समिती भरवली. हा इसम हॅम्बर्गच्या हत्याकांडात सामील होता आणि ते तो जाहीर सभांत फुशारकीने सांगत असे. १६० सदस्यांत कृष्णवर्णीय सहा. स्मॉल्स आणि मिलर त्यांत होते. वाचता येणे किंवा ३०० डॉलरची मालमत्ता, मतदानाची पट्टी, अधिकाऱ्यापुढे घटनेचा अर्थ सांगणे, असे एकेक अडथळे रचले गेले. ज्या गुन्ह्यांमुळे मताधिकार जाईल त्यांची यादी केली. चोरी आहे, बायकोला मारणे आहे, काळ्या-गोऱ्यांचा शरीरसंबंध आहे. खून नाही! झुंडीने माणसे मारणारांचे मत शाबूत राहावे याची एवढी काळजी. आंतरवंशीय विवाहबंदी चर्चेला आली तेव्हा स्मॉल्सनी उपसूचना मांडली की काळ्या स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला कुठलेही सरकारी पद मिळू नये. सभागृहाची काय पंचाईत झाली असेल याची कल्पना करा. उपसूचना अर्थातच पडली. अंतिम घटनेवर सही करायला स्मॉल्सनी नकार दिला.

मार्च १८९७ मध्ये मरे यांची मुदत संपली. त्यानंतर दक्षिण कॅरोलिनातून पुढचा कृष्णवर्णीय खासदार गेला जानेवारी १९९३ मध्ये. शहाण्णव वर्षे.

या माणसांचे पुढे काय झाले? रॅन्सियर राज्याचे उपराज्यपाल होते, खासदार होते. शेवटी जकात कचेरीत रात्रपाळीचे पहारेकरी आणि चार्ल्सटनच्या रस्त्यांवर झाडूवाले म्हणून काम करून १८८२ मध्ये दारिद्र्यात वारले. खासदाराच्या हाती झाडू. विद्वान इलियट १८८४ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये कफल्लक अवस्थेत मलेरियाने गेले. स्मॉल्सवर लाचेचा खटला घातला गेला, शिक्षा झाली, मग राजकीय देवघेवीत माफी मिळाली. ते ब्युफर्टला जकात अधिकारी होते, १९१३ पर्यंत. १९१५ च्या फेब्रुवारीत वारले.

१९१३ च्या जुलैत बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला उतरले. स्मॉल्स गेले तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात एम. ए. च्या शेवटच्या टप्प्यात होते. आणि त्याच विद्यापीठात विल्यम डनिंग नावाचे नामांकित प्राध्यापक इतिहास शिकवत होते. मुक्त गुलामांना दिलेला मताधिकार ही घोडचूक होती, त्यांचा राज्यकारभार म्हणजे अडाण्यांचा आणि लुटारूंचा धुडगूस होता, आणि गोऱ्यांनी राज्य परत घेतले ही सुटका होती, असा इतिहास त्यांनी आणि त्यांच्या शिष्यांनी रचला. अमेरिकेतली पाठ्यपुस्तके पन्नास वर्षे तेच सांगत राहिली. मारणारा जिंकला की तोच मेलेल्याचे चारित्र्य लिहितो. या इतिहासाला सविस्तर उत्तर १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या ग्रंथाने दिले, तेव्हाही गोऱ्या प्राध्यापकांनी त्याकडे दुर्लक्षच केले.

बाबासाहेब त्या कोलंबियाचे विद्यार्थी, पण त्यांनी यातून काढलेला धडा डनिंगच्या बरोबर उलटा आहे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा दाखला देतात. युद्धात त्यांची गरज होती तोवर त्यांना जवळ केले आणि मग मालकांच्या हवाली केले, अस्पृश्यांना हे विसरून चालणार नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. स्वातंत्र्य आधी येऊ द्या, तुमचे नंतर बघू, असे सांगणाऱ्यांना त्यांनी दिलेले ते उत्तर होते. १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या निवेदनाच्या प्रतीही त्यांनी मागवल्या.

आता आपल्या राखीव जागांकडे येऊ. दक्षिण कॅरोलिनाच्या आठांकडे आपला मतदार होता, पण जागेला संरक्षण नव्हते. मतदाराला गोळी घालून, कायद्याने बाद करून जागा हिसकावता आली. आपल्याकडे जागेला संविधानाचे संरक्षण आहे, पण त्या जागेवरचा मतदार आपला नाही. १९३२ च्या जातीय निवाड्यात ७१ जागा होत्या आणि त्या भरणारा मतदार फक्त अस्पृश्य होता. शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही त्याला मत होते. पुणे कराराने जागा १४८ केल्या आणि मतदार बदलला. निदान चार उमेदवारांची प्राथमिक निवड आपल्या हाती ठेवली होती, स्वतंत्र भारतात तीही गेली. १९५२ मध्ये उत्तर मुंबईत आणि १९५४ मध्ये भंडाऱ्यात खुद्द बाबासाहेब हरले, राखीव जागेवर. संविधानाचा शिल्पकार नालायक होता म्हणून नव्हे.

आज महाराष्ट्रात लोकसभेच्या पाच जागा अनुसूचित जातींसाठी आहेत. रामटेक, अमरावती, सोलापूर, लातूर, शिर्डी. यांतल्या कुठल्याही जागेवर आपल्या वस्त्यांनी एकगठ्ठा मते दिली तरी तेवढ्यावर कुणी निवडून येत नाही. इतरांची मते लागतात, आणि ती ज्याच्या भरवशावर मिळतात त्या पक्षाचा तो खासदार होतो. गावात अत्याचार झाला की तो तक्रारदाराकडे आधी बघेल की तालुक्याच्या पाटलाकडे, हे त्याच्या स्वभावावर अवलंबून नाही. कांशीराम यांनी १९८२ मध्ये ‘चमचा युग’ लिहिले ते याच करारावर. तरुणांच्या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. रेनी, इलियट, स्मॉल्स बोलू शकले, कारण न बोलल्यास जाब विचारणारा मतदार घरी बसलेला होता आणि तो काळाच होता.

मग राखीव जागा सोडून द्यायच्या का? मुळीच नाही. दक्षिण कॅरोलिनात संरक्षण नसलेल्या जागांचे काय झाले ते आत्ताच पाहिले. कलम ३३४ ची मुदत जानेवारी २०३० मध्ये संपते आहे, आणि तोवर ‘हे आरक्षण काय कामाचे’ हा प्रश्न आपल्याच तोंडून वदवून घेणारे बरेच भेटतील. वाद जागा ठेवण्याचा नसून ती भरणारा कोण, हा आहे.

आपल्याही वाट्याला असे एक वर्ष आले होते. १९९८ मध्ये महाराष्ट्रातून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले असे रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार लोकसभेत गेले, आणि चौघेही खुल्या जागांवरून. आपली एकवटलेली मते आणि त्यांना जोडलेली आघाडीची मते, असे ते गणित होते. लोकसभा तेरा महिन्यांत गेली, ऐक्यही टिकले नाही. पाठीशी उभ्या राहिलेल्या मोठ्या पक्षाने आपले घर आधी पाहिले हे खरे, पण १८७२ च्या इलियटसारखेच आपल्या माणसांनी आपल्याला काय केले, हेही त्या हिशेबात लिहावे लागते.

दक्षिण कॅरोलिनात पुढे काय झाले ते सांगून थांबते. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर कृष्णवर्णीय पुन्हा मतदार झाले. १९९२ च्या फेररचनेत सहावा मतदारसंघ त्यांच्या बहुसंख्येचा केला गेला आणि तिथून जिम क्लायबर्न निवडून आले. २०१३ पासून टिम स्कॉट हे कृष्णवर्णीय रिपब्लिकन त्याच राज्याचे सिनेटर आहेत, मुख्यतः गोऱ्या मतांवर. दोघांच्या भाषणांतला आणि मतदानातला फरक ज्याने त्याने शोधून पाहावा, आपल्या विषयाचा तो चांगला स्वाध्याय आहे. लोकसंख्येत आज कृष्णवर्णीय साधारण चौथा हिस्सा आहेत, आणि प्रतिनिधीगृहाच्या सात जागांपैकी कृष्णवर्णीय मतदारांच्या हातात एकच. अलीकडच्या फेररचनेत पहिल्या मतदारसंघातून सुमारे ३०,००० कृष्णवर्णीय मतदार उचलून सहाव्यात टाकले गेले, म्हणजे पहिला पक्का गोरा राहावा. १८८२ चीच युक्ती. २३ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो नकाशा कायम ठेवला. हे रंगावरून नाही, पक्षावरून केले आहे, असे कारण दिले.

विधानभवनाच्या आवारात टिलमनचा पुतळा १९४० पासून उभा आहे. तिथेच रॉबर्ट स्मॉल्स यांचाही पुतळा उभारायचा, असा कायदा राज्याच्या विधिमंडळाने केला. तोही त्याच २०२४ साली.